एच-इंडेक्स सहा, रिपोर्ट बाकी

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीची सहायक प्राध्यापक आहे. नोकरीला नऊ वर्षे झाली. आजवर माझे चौदा शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून त्यांतले सहा केस रिपोर्ट (एकेका रुग्णाची नोंद) आहेत. गूगल स्कॉलरवर एकूण १४१ सायटेशन्स (इतरांनी दिलेले संदर्भ) आणि त्यांवरून काढलेला एच-इंडेक्स ६ दिसतो. स्कोपस या संदर्भसूचीवर मात्र तोच ४ आहे. कोविडमधील सीटी स्कोअरवरच्या २०२१ मधील निबंधाला सर्वाधिक म्हणजे ६१ सायटेशन्स आहेत, तर मणक्याच्या क्षयाच्या एमआरआयवरील २०१८ मधील निबंधाला २४. अलीकडेच एका नामांकित संस्थेत सहयोगी प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला गेले होते. समितीतील एका सदस्यांनी एच-इंडेक्स विचारला, मी सांगितला, आणि ‘इतकाच?’ एवढे म्हणून ते पुढच्या कागदाकडे वळले. माझ्याबरोबर एमडी झालेला आणि आता पुण्यातील मोठ्या खासगी रुग्णालयात असलेला माझा मित्र १९ वर आहे. व्हॉट्सॲपवर एक गृहस्थ तयार निबंधात दुसऱ्या क्रमांकाचे लेखकपद पंचवीस हजारांत मिळवून देतो म्हणतात. विभागप्रमुखांचे नाव प्रत्येक निबंधात घालावे लागते, ते वेगळेच. दिवसाला साठ-सत्तर सोनोग्राफी आणि वर सीटीचे रिपोर्टिंग करून हा इंडेक्स वाढवायचा कसा? आणि माझ्या कामाला खरोखर काही किंमत आहे का? सोबत निबंधांची यादी जोडली आहे.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना ‘इतकाच?’ या शब्दापाशी मी थांबलो. निवड समितीच्या टेबलाच्या त्या बाजूला मी स्वतः अनेकदा बसलो आहे आणि उमेदवाराचा एकही निबंध न उघडता केवळ आकडा ऐकून भुवया उंचावणारे सहकारी मी पाहिले आहेत. खरे सांगायचे तर, दिवसाला तीस मुलाखती उरकायच्या असताना मीही तसे केलेले आहे. त्यामुळे आकड्याकडे दुर्लक्ष करा, असा सोपा सल्ला मी तुम्हांला देणार नाही. आकडा विचारला जातो आणि पुढेही विचारला जाईल. परंतु तुम्ही रेडिओलॉजिस्ट आहात, आणि एक माप म्हणजे संपूर्ण रिपोर्ट नव्हे हे तुम्हांला मी समजावून सांगावे असे नाही.

२०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न विचारला जात होता, हे तुम्ही माझ्याहून जवळून पाहिले आहे. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण आणि एकूण पंचवीस, अशी ती पद्धत. फुप्फुसांतले बदल दिवसागणिक कसे वाढतात आणि ओसरतात याचे वर्णन करणाऱ्या अभ्यासात ती वापरली गेली आणि पाहता पाहता तिचा उपयोग खाट मिळेल की नाही हे ठरवण्यासाठी होऊ लागला. पंचवीसपैकी बारा असलेला रुग्ण घरी चालताबोलता बरा होत होता आणि आठ असलेल्याचा ऑक्सिजन घसरत होता. तुम्ही प्रत्येक रिपोर्टच्या खाली ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’, म्हणजे रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहावे, असे लिहीत होतात आणि नातेवाईक तेवढेच वाक्य सोडून बाकीचे वाचत होते. एच-इंडेक्सच्या बाबतीत तुमच्यासमोर बसलेले ते सदस्य त्या नातेवाइकांच्या जागी होते, इतकेच. तेव्हा राहून गेलेले कोरिलेशन आपण आता करू.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवले. निबंध सायटेशन्सच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन्सची संख्या क्रमांकाइतकी किंवा त्याहून अधिक असते, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. तुमच्या यादीत ६१, २४, १७, ११, ८, ६, ५, ३, २, २, १, १, ० आणि ० असे आकडे आहेत. सहाव्या निबंधाला सहा सायटेशन्स आहेत, सातव्याला पाचच. म्हणून इंडेक्स सहा. आता गंमत पाहा. सहाव्या निबंधाला आणखी एक आणि सातव्याला आणखी दोन, अशी अवघी तीन सायटेशन्स मिळाली की तुमचा इंडेक्स सात होतो. उलट, पहिल्या निबंधाची ६१ ची ६०० झाली तरी तो सहाच राहतो. म्हणजे तुमच्या सर्वांत गाजलेल्या कामाच्या यशाला हे माप जवळजवळ आंधळे आहे आणि मधल्या फळीतल्या दोन सामान्य निबंधांवर मात्र ते डोळा ठेवून आहे. शिवाय हा आकडा कधीच खाली येत नाही, वयाबरोबर तो वाढतोच, आणि तुम्ही पहिल्या लेखक होतात की अठराव्या, हे त्याला कळत नाही. स्वतः हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिले की हे माप सपशेल चुकू शकते आणि त्याचे अनपेक्षित, गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. औषध काढणाऱ्यानेच पंधरा वर्षांनी बाटलीवर इशारा चिकटवावा, तसे हे झाले.

आपल्या शाखेत लेखकाच्या क्रमांकाचा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. कर्करोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ मोठा अभ्यास करतात, त्यातले स्कॅन रेडिओलॉजिस्टने वाचलेले असतात, आणि त्यामुळे त्याचे नाव लेखकांच्या मधल्या रांगेत येते. ते योग्यच आहे. परंतु अशा पाच-सहा अभ्यासांत सहभाग मिळाला की इंडेक्स झपाट्याने वाढतो. तुमच्या मित्राचे १९ मी कमी लेखत नाही. मोठ्या रुग्णालयात असे सहभाग सहज मिळतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत नाहीत, एवढे मात्र तुम्ही लक्षात घ्यावे. तुलना करायचीच असेल, तर ज्या निबंधांत तुम्ही पहिल्या, शेवटच्या किंवा करस्पाँडिंग (पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या) लेखक आहात त्यांची आणि त्याच्या तशाच निबंधांची करा. तुमच्या यादीतील पहिल्या सातपैकी सहा निबंध त्या प्रकारचे आहेत.

आता स्कोपसवर चार का दिसतात, ते पाहू. त्याचे एक कारण सर्वांना लागू पडते: गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांतील सारांश, अप्रकाशित मसुदे या सर्वांतील संदर्भ मोजते, तर स्कोपस मुख्यतः स्वतः निवडलेल्या नियतकालिकांतील मोजते, त्यामुळे स्कोपसचा आकडा बहुधा कमीच असतो. दुसरे कारण मला तुमच्या यादीत सापडले आणि ते खास आपल्याकडचे आहे. तुमचे सुरुवातीचे चार निबंध माहेरच्या आडनावाने आणि वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासह आहेत. नंतरचे सासरच्या आडनावाने, पतीच्या नावाच्या आद्याक्षरासह. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. १७ आणि ८ सायटेशन्स असलेले दोन्ही निबंध त्या पहिल्या ‘व्यक्ती’च्या नावावर पडून असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडील किती विदुषींचे काम असे दोन खात्यांत विभागून बसले असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. यावर उपाय फुकट आहे. ऑर्किड या संस्थेकडून सोळा अंकी ओळख क्रमांक घ्या, त्यात चौदाही निबंध जोडा, आणि स्कोपसला दोन्ही लेखक-नोंदी एकत्र करण्याची विनंती पाठवा. तशी सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे. पुढचे सर्व निबंध एकाच नावाने, एकाच रीतीने लिहिलेल्या आद्याक्षरांसह द्या. कोणते आडनाव ठेवायचे हा तुमचा प्रश्न आहे, पण एकदा ठेवले की ते बदलू नका.

यापेक्षा अधिक वेळ मला तुमच्या पहिल्या दोन निबंधांवर द्यायचा आहे, कारण तुमच्या पत्रात तुम्ही ६१ चा उल्लेख अभिमानाने आणि २४ चा ओझरता केला आहे, आणि माझ्या मते ते नेमके उलटे हवे होते.

२०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून निघणाऱ्या ‘रेडिओलॉजी’ या आपल्या शाखेतील अग्रगण्य नियतकालिकाने वुहानमधील १०१४ रुग्णांच्या छातीचा सीटी आणि आरटी-पीसीआर यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याला हजारोंनी सायटेशन्स मिळाली. जगातला प्रत्येक जण त्या वेळी एकाच विषयावर लिहीत होता आणि प्रत्येकाला त्याच थोड्या निबंधांचा संदर्भ द्यावा लागत होता. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. त्यामुळे या लाटेचा परिणाम त्यात लगेच उमटला. ‘रेडिओलॉजी’चा हा आकडा २०२० साठी सुमारे ११ होता, २०२१ साठी तो २९ च्या वर गेला, २०२२ साठी २० च्या आत आला आणि २०२३ साठी सुमारे १२ झाला. या चार वर्षांत त्या नियतकालिकाचा दर्जा अडीच पटींनी वाढून पुन्हा घटला असे कुणी समंजस माणूस म्हणणार नाही. लाट आली आणि ओसरली. तुमची ६१ सायटेशन्स याच लाटेतली आहेत. तुम्ही दिलेल्या वर्षवार तक्त्यात त्यांतली ४९ ही २०२२ अखेरपर्यंतची आहेत आणि गेल्या वर्षीची केवळ दोन. निबंध प्रामाणिक आहे, त्या काळात तो उपयोगी पडला, त्याबद्दल मनात किंतू नको. पण त्याच्यावर पुढचे घर बांधता येणार नाही.

मणक्याच्या क्षयावरील निबंधाचा तक्ता मात्र वेगळे सांगतो. दरवर्षी तीन, चार, पुन्हा तीन, पुन्हा चार. कुणीतरी, कुठेतरी, सातत्याने तो वाचत आहे. मी संदर्भ देणाऱ्यांची नावे उघडून पाहिली, आणि त्यांत अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, क्षयरोगतज्ज्ञ आहेत, दक्षिण आफ्रिकेतले एक पथक आहे. आपल्या शाखेबाहेरचा माणूस आपला निबंध वापरतो, याला मी दुप्पट गुण देतो. रेडिओलॉजिस्टने रेडिओलॉजिस्टला दिलेला संदर्भ पुष्कळदा प्रस्तावनेतल्या शिष्टाचाराचा असतो. शल्यचिकित्सक संदर्भ देतो, तेव्हा त्याला त्या निष्कर्षाचे काही काम पडलेले असते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, म्हणजे कामाला किंमत आहे का याबद्दल, मला एक जुनी हकिगत सांगू द्या. १९५५ मध्ये केपटाऊनच्या ग्रूट स्कूर रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाने नोकरी सोडली, आणि किरणोत्सारी समस्थानिकांच्या वापरावर देखरेखीसाठी कायद्याने कुणीतरी हवे असल्याने तिथल्या विद्यापीठातील ॲलन कॉरमॅक या तरुण अध्यापकाला आठवड्यातून दीड दिवस तिथे पाठवण्यात आले. शरीराच्या वेगवेगळ्या भागांत किरणे किती शोषली जातात हे बाहेरून मोजता येईल का, असा प्रश्न त्यांना तिथे पडला. मग ॲल्युमिनियमचा गोल तुकडा आणि त्याभोवती लाकडाचे कडे, इतक्या साध्या साहित्यावर त्यांनी प्रयोग केले, गणित सोडवले, आणि १९६३ व १९६४ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲप्लाइड फिजिक्स’मध्ये दोन निबंध छापले. त्या निबंधांना जवळजवळ काहीच प्रतिसाद आला नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या पत्रांपैकी सर्वांत लक्षवेधी पत्र स्वित्झर्लंडमधल्या हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राचे होते. डोंगरावरच्या बर्फाच्या थराखाली किरणांचा स्रोत किंवा शोधक ठेवता आला, तर ही पद्धत तिथे चालली असती! ही गोष्ट कॉरमॅक यांनी स्वतःच आपल्या नोबेल व्याख्यानात सांगितली आहे. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे अभियंते, ज्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती, कॉरमॅक यांच्या कामाची माहिती नसताना त्याच प्रश्नावर काम करत होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला, १९७३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिओलॉजी’त त्यांचा निबंध आला, आणि १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल दोघांना मिळून दिले गेले. १९७० मध्ये कॉरमॅक एखाद्या निवड समितीपुढे सीटीच्या या दोन निबंधांच्या बळावर बसले असते, तर त्यांनाही ‘इतकाच?’ ऐकावे लागले असते.

आणि हाउन्सफिल्ड यांचे पाहा. तुम्ही रोज सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘४० एचयू’ असे लिहिता. एचयू म्हणजे ‘हाउन्सफिल्ड युनिट’, हे एकक त्यांच्याच नावाचे आहे, पण ते लिहिताना तुम्ही त्यांच्या १९७३ च्या निबंधाचा संदर्भ कधी दिला आहे का? कुणीच देत नाही. काम इतके रुजले की संदर्भ देण्याची गरज उरली नाही, आणि सायटेशन मोजणारे यंत्र अशा रोजच्या वापराची नोंद शून्य अशी करते.

यावरून कमी सायटेशन्स असलेला प्रत्येक जण कॉरमॅक असतो असे मात्र कृपया समजू नका. तसे समजणारे बरेच लोक मला भेटले आहेत आणि त्यांच्याशी बोलणे कठीण जाते. तुमच्या यादीतील शेवटचे सहा निबंध पाहिले तर त्यांतले पाच केस रिपोर्ट आहेत, आणि त्यांना संदर्भ मिळत नाहीत यात अन्याय काही नाही. दुर्मीळ रुग्ण लिहून ठेवावा, विद्यार्थ्यांना लिहायची सवय त्यातून लागते, हे मान्य. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या अध्यापक पात्रता नियमांत पदोन्नतीसाठी मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज यांची गणना होती, सुट्या केस रिपोर्टची नव्हती; नाव पहिल्या तीन लेखकांत असावे किंवा तुम्ही करस्पाँडिंग लेखक असावे, अशी अट होती; आणि एच-इंडेक्सचा त्यात उल्लेखही नव्हता. हे नियम वरचेवर बदलतात. २०१५ मध्ये तर तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेने ई-जर्नलमधले निबंध धरूच नयेत असे परिपत्रक काढले होते, तेही जगातली नियतकालिके कागदावरून उठत असताना. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी लागू असलेली प्रत स्वतः वाचा, कार्यालयातील लिपिकाच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि तुमच्याकडे एकाच आजाराचे तीन-चार सुटे रुग्ण असतील, तर ते एकत्र करून केस सिरीज लिहा. श्रम साधारण तेवढेच पडतात.

व्हॉट्सॲपवरच्या गृहस्थांबद्दल फार लिहीत नाही. त्यांचा क्रमांक ब्लॉक करा. तुम्ही न पाहिलेल्या रुग्णांच्या, न वाचलेल्या स्कॅनच्या निबंधावर तुमचे नाव येणार, आणि तो निबंध कुठे तयार झाला हे तुम्हांला कधी कळणार नाही. हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाने २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. मागे घेतलेला निबंध पुसला जात नाही, तो लेखकांच्या नावांसह आणि ‘रिट्रॅक्टेड’ या शिक्क्यासह कायम दिसत राहतो. तुमच्या सहाचे सात होतील आणि त्या सातातले एक आयुष्यभर टोचेल. प्रामाणिकपणे लिहिलेला निबंधही चुकीच्या ठिकाणी देऊ नये म्हणून सांगतो: पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वेळच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची तपासणी केली होती. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या विश्लेषणानुसार तपासलेल्या १००९ नियतकालिकांपैकी अवघी ११२ निकषांना उतरली. सरकारी यादीत नाव आहे, एवढ्यावर विसंबू नये ते यासाठी. आयएसएसएन या नियतकालिकाच्या ओळख क्रमांकावरून मेडलाइन, स्कोपस किंवा डीओएजे या सूचींत ते नियतकालिक खरोखर आहे का ते तुम्ही स्वतः पाहा, कारण चांगल्या नियतकालिकाच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही आहेत.

विभागप्रमुखांचा प्रश्न नाजूक आहे आणि त्यावर तत्त्वाचे भाषण ठोकून तुमचे भले होणार नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामाच्या आखणीत किंवा माहिती मिळवण्यात-तपासण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. परवानगीच्या अर्जावर सही करणे त्यांत बसत नाही. परंतु रेडिओलॉजीत या अडचणीतून एक सरळ वाट निघते. निदानविषयक कोणत्याही चांगल्या अभ्यासात दोन वाचक लागतात, ज्यांनी एकमेकांचे मत न पाहता स्कॅन वाचायचे आणि मग त्यांच्यातील सहमती कप्पा मूल्याने मोजायची. तुमच्या विभागप्रमुखांना दुसरे वाचक करा. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला वाचक तुम्हांला दुसरीकडे शोधून मिळणार नाही, त्यांचे नाव न्याय्य ठरेल, आणि ज्यांना शंभर एमआरआय वाचायला वेळ नसतो ते लेखकपदाचा आग्रहही सोडतात, असा माझा अनुभव आहे. लेखकांचा क्रम एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव पाठवतानाच कागदावर लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्या. निकाल हाती आल्यावर तो विषय काढलात की वाद ठरलेला.

आता पुढच्या कामाविषयी. तुमच्याकडे जे आहे ते पुण्याच्या खासगी रुग्णालयाकडे नाही: मणक्याच्या क्षयाचे रुग्ण, आणि तेही उपचाराच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याच आवारात येणारे, कारण त्यांची नोंद निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदप्रणालीवर असते आणि औषध शासकीय यंत्रणेतून मिळते. उपचार चालू असताना रुग्ण बरा होत असूनही एमआरआयवर गळू किंवा मज्जेतील सूज वाढलेली दिसते, आणि औषध बदलावे की थांबावे, असा पेच अस्थिरोग विभागाला पडतो. आणि औषध कधी बंद करावे हाही तसाच जुना प्रश्न आहे. यांवर उपचारापूर्वी, मध्ये आणि शेवटी केलेल्या एमआरआयचा पाठपुरावा करणारा अभ्यास तुम्ही केलात, तर ती २४ सायटेशन्स देणारी माणसे तो वाचतील, हे आपल्याला आधीच ठाऊक आहे.

वेळ कुठून आणायचा, हे तुम्ही विचाराल. तुमच्याकडे दरवर्षी एमडीचे विद्यार्थी येतात आणि प्रत्येकाला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला प्रबंध सादर करावाच लागतो. सध्या आपल्या विभागांत चालते ते असे की एकाला यकृत, दुसऱ्याला थायरॉइड, तिसऱ्याला गुडघा. तीन प्रबंध होतात, कपाटात जातात, आणि कशातूनच काही निघत नाही. त्याऐवजी तीन वर्षांच्या तीन विद्यार्थ्यांना मणक्याच्या क्षयाचेच तीन भाग द्या: पहिल्याला निदानाच्या खुणा आणि बायोप्सी किंवा सीबीनॅट या क्षयजंतूंच्या चाचणीशी त्यांचा पडताळा, दुसऱ्याला उपचारादरम्यानचे बदल, तिसऱ्याला बरे झाल्याचे निकष. प्रत्येकाच्या निबंधात विद्यार्थ्याचे नाव पहिले आणि करस्पाँडिंग लेखक तुम्ही. विद्यार्थ्याचेही त्यात हित आहे. निदानाच्या अचूकतेचा अभ्यास असेल तिथे स्टार्ड २०१५ ची तीस मुद्द्यांची यादी निबंध लिहिताना नव्हे, तर प्रस्ताव लिहिताना समोर ठेवा, कारण ‘वाचकांना बायोप्सीचा निकाल माहीत होता का’ या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांनी शोधून सापडत नाही. शेजारच्या एखाद्या शासकीय महाविद्यालयाला सोबत घेता आले तर संख्या वाढेल आणि समीक्षकांचा ‘एकाच केंद्रातील अभ्यास’ हा ठरलेला आक्षेपही टळेल.

स्कॅनचा संच नावे काढून, एथिक्स कमिटीच्या मान्यतेने, इतरांसाठी खुला करता येतो का, याचाही विचार करावा. मुंबईच्या क्यूर डॉट एआय या कंपनीने डोक्याच्या सीटीतील तातडीचे दोष ओळखणाऱ्या प्रणालीवरील अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला, तेव्हा ४९१ स्कॅनचा एक संच सर्वांसाठी खुला केला, ‘सीक्यू५००’ या नावाचा तो संच आज जगभरातले संशोधक आपल्या प्रणाली तपासायला वापरतात आणि वापरला की मूळ निबंधाचा संदर्भ देतात. मणक्याच्या क्षयाचा नीट नोंदलेला, खुला संच तुमच्यासारख्या ठिकाणाहून आला तर त्याला मागणी राहील. हे काम किचकट आहे, पहिल्या वर्षी हाती घेऊ नका.

राहिली मुलाखत. पुढच्या वेळी निबंधांच्या यादीच्या वर एक पान जोडा. त्यावर तीनच निबंध लिहा, प्रत्येकाखाली दोन ओळींत काय आढळले आणि ते कुणी वापरले. मणक्याचा क्षय पहिला, माहेरच्या आडनावाचा १७ वाला दुसरा, कोविडचा तिसरा, आणि कोविडच्या ओळीत ‘बहुतांश सायटेशन्स २०२२ अखेरपर्यंतची’ असे स्वतःच लिहा. उमेदवाराने आपल्याच आकड्याची मर्यादा सांगितली की समिती सावरून बसते. एच-इंडेक्स विचारला तर तो आकडा कुठला हे सांगून द्या, ‘स्कॉलरवर सहा, स्कोपसवर चार, दोन नोंदी एकत्र करण्याची विनंती केली आहे’, आणि लगेच ते पान पुढे सरकवा. ‘इतकाच?’ आले, तर ‘त्यांतले सहा निबंध माझ्या स्वतःच्या आखणीचे आहेत, त्यांतला हा एक पाहावा’, एवढे म्हणून थांबा. ते पान पाहायचे की नाही, हे मग त्यांना ठरवावे लागेल, आणि ते ठरवताना बाकीचे चार सदस्य त्यांच्याकडे पाहत असतील.

स्कोपसची विनंती या आठवड्यातच पाठवा. नोंदी एकत्र झाल्यावर काय आकडा येतो, ते मला अवश्य कळवा.